वर्गातील गैरवर्तनाचे प्रयोजन

मुलगा वर्गात जागेवर का बसत नाही, शेजारच्याला का ओरबाडतो, वही समोर येताच पेन्सिल का फेकून देतो, या प्रश्नांना आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या जे उत्तर दिले ते बहुधा एखाद्या विशेषणाच्या रूपाने दिले. तो व्रात्य आहे, द्वाड आहे, घरच्या लाडाने शेफारला आहे; आणि ज्या शहरांत मानसशास्त्राचे चार शब्द पालकसभेपर्यंत येऊन पोहोचले आहेत तेथे, तो ‘हायपर’ आहे. विशेषण एकदा चिकटले की चौकशीचे काम संपते आणि शिक्षेचे सुरू होते. बाकावर उभे करणे, अंगठे धरायला लावणे, वर्गाबाहेर काढणे, डायरीत लाल शाईने शेरा लिहून पालकांना बोलावणे आणि सरतेशेवटी दाखला हाती देणे, ही तिची चढती भाजणी सर्वांच्या परिचयाची आहे. त्याऐवजी, अमुक एका वर्तनाने अमुक एका मुलाचे, अमुक तासाला, नेमके कोणते काम साधते हे निरीक्षणाने ठरवावे आणि मगच उपायाला हात घालावा, असे सांगणारी एक विचारपरंपरा गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभी राहिली आहे. तिचा आढावा घेताना बंगळूर शहर नजरेसमोर ठेवणे मला इष्ट वाटते. कारण या विषयाचे देशातील एक मोठे विद्यापीठ त्या शहरात आहे, आणि ज्या अडचणीपाशी हा विचार आपल्याकडे येऊन अडतो ती अडचणही, म्हणजे मुलाला न कळणाऱ्या भाषेत भरणारा वर्ग, त्याच शहरात जागोजागी दिसते.

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, म्हैसूर संस्थानच्या अमदानीपासून चालत आलेले मनोरुग्णालय होते. १९५४ साली तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि १९७४ साली या दोहोंचे एकत्रीकरण होऊन आज ‘निम्हान्स’ या नावाने सर्वश्रुत असलेली संस्था अस्तित्वात आली. तिच्या बालविभागात मूल भरती होते तेव्हा आई किंवा बाप त्याच्याजवळच मुक्काम करतो. ही गोष्ट वरवर पाहता निव्वळ सोयीची; परंतु मूल रडू लागण्यापूर्वी आई काय म्हणाली, आणि रडल्यानंतर तिने काय दिले, हे वैद्याला डोळ्यांनी पाहता येते, आणि पुढे ज्याचे विवेचन करावयाचे आहे त्या पद्धतीचा सारा आधार या ‘आधी’ आणि ‘नंतर’वरच आहे. या संस्थेत चिकित्सा-मानसशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या मालविका कपूर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शाळाशिक्षकांना मुलांच्या भावनिक अडचणी ओळखण्याचे शिक्षण देण्याचा उपक्रम हाती घेतला. त्यामागचा विचार सरळ आणि व्यवहारी होता: तज्ज्ञ मोजके, मुले अगणित, तेव्हा तज्ज्ञाने प्रत्येक मुलापर्यंत पोहोचण्याची वाट पाहण्यापेक्षा, जो माणूस त्या मुलासमोर रोज पाच-सहा तास उभा असतो त्याच्याच डोळ्यांना वळण लावावे.

याच संस्थेतील डॉ. शोभा श्रीनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळूरच्या मध्यमवर्गीय वस्त्या, झोपडपट्ट्या आणि आसपासची खेडी अशा तिन्ही ठिकाणच्या जन्मापासून सोळा वर्षांपर्यंतच्या २०६४ मुलांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. चार ते सोळा वर्षे वयाच्या मुलांत मानसिक विकाराचे प्रमाण १२ टक्के आढळले, ही बातमी झाली. पण मला त्या पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो. विकार आढळलेल्या मुलांच्या कुटुंबांपैकी, आपल्या मुलाला काही अडचण आहे असे वाटणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३७.५ टक्के निघाले. उरलेल्या घरांत ते मूल हट्टी, भित्रे किंवा चळवळे म्हणून नांदत असणार, आणि शाळेत त्याची गणना बेशिस्तांत होत असणार, असे अनुमान काढल्यास ते फारसे चुकणार नाही.

मुलाच्या वागण्याला हेतू असतो ही कल्पना तशी नवी नाही. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलरने पहिल्या महायुद्धानंतर शिक्षक आणि पालक यांच्यासाठी जी सल्लाकेंद्रे काढली त्यांचा पायाच तो होता. आणि मुंबईत १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या आश्रयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले, तेव्हा मुलाला दोष देण्यापूर्वी त्याची परिस्थिती समजून घ्यावी हे तत्त्व आपल्याकडेही संस्थारूपाने अवतरले. ॲडलरचा शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स याने गैरवर्तनामागे चार चुकीची ध्येये असतात असे प्रतिपादन केले: लक्ष वेधणे, सत्ता गाजविणे, सूड उगविणे आणि आपण असमर्थ आहोत असे दाखवून मोकळे होणे. यांपैकी कोणते ध्येय प्रस्तुत आहे हे ओळखण्याची त्याने सांगितलेली खूण मोठी चतुर आहे. शिक्षकाने स्वतःच्या मनाकडे पाहावे. केवळ त्रासल्यासारखे वाटत असेल तर मूल लक्ष मागते आहे, आव्हान मिळाल्यासारखे वाटत असेल तर सत्ता मागते आहे, मन दुखावले असेल तर सूड उगवते आहे, आणि शिक्षकच हताश झाला असेल तर मुलानेही हात टेकले आहेत. या कसोटीत एक उणीव मात्र उघड आहे: आरोपीच्या मनाचा थांग लावण्यासाठी ती फिर्यादीच्या रागलोभाची साक्ष घेते.

ही उणीव वर्तनवाद्यांनी भरून काढली. स्किनरने १९५३ च्या आपल्या ग्रंथात वर्तन आणि परिस्थिती यांमधील कार्यसंबंध तपासण्याची भाषा रूढ केली. मनात काय चालले आहे याचा तर्क बाजूला ठेवावा. वर्तनाच्या अगोदर काय घडते आणि नंतर काय मिळते, एवढेच नोंदवावे. ज्या फळामुळे ते वर्तन टिकून राहते ते फळ हेच त्याचे प्रयोजन, असा हा रोखठोक विचार होता. १९६८ साली बिजू, पीटरसन आणि ऑल्ट यांनी पूर्वप्रसंग, वर्तन आणि परिणाम अशा तीन रकान्यांत प्रत्यक्ष निरीक्षण नोंदविण्याची रीत मांडली. १९७७ साली एडवर्ड कार याने स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या मुलांविषयीच्या तोवरच्या सर्व उपपत्तींचा परामर्श घेऊन, बाहेरून एकसारखे दिसणारे वर्तन निरनिराळ्या मुलांत निरनिराळ्या कारणांनी टिकून राहू शकते हे स्पष्ट केले.

या साऱ्या विचाराला प्रयोगाची कसोटी लावली ती बाल्टिमोर येथे ब्रायन इवाटा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात. तो प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. विकासात मागे पडलेली आणि स्वतःला मारून घेणारी, चावणारी अशी नऊ मुले त्यांनी निवडली आणि प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटांच्या बैठकीत चार वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवले. एकीत मोठे माणूस वाचनात गढलेले असे आणि मुलाने स्वतःला मारताच जवळ येऊन काळजीने ‘असे करू नकोस’ म्हणे. दुसरीत अभ्यासाचा प्रश्न पुढे ठेवला जाई आणि मुलाने मारून घेताच अर्धा मिनिट अभ्यास थांबे. तिसरीत मूल एकटेच असे. चौथीत खेळणी, सोबत आणि कौतुक यांची रेलचेल असून मागणी कशाचीच नसे. नवांपैकी सहा मुलांच्या बाबतीत वर्तनाचे प्रमाण एका ठरावीक परिस्थितीतच सातत्याने चढलेले आढळले, आणि ती परिस्थिती सर्वांची एकच नव्हती. पुढे १९९४ साली याच परंपरेतील १५२ रुग्णांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात ३८.१ टक्के प्रकरणांत वर्तनाचे फळ म्हणजे अभ्यासापासून किंवा अन्य मागणीपासून सुटका हे होते. लक्ष अथवा वस्तू मिळणे हे २६.३ टक्के प्रकरणांत, आणि शरीरालाच मिळणारे काही सुख किंवा आराम हे २५.७ टक्के प्रकरणांत.

लक्ष, वस्तू, सुटका आणि इंद्रियसुख, अशी ही चार प्रयोजने आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावली आहेत. वस्तूसाठीच्या हट्टाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. मिठाईच्या दुकानासमोर अंग टाकून देणारे मूल सर्वांनी पाहिले आहे आणि त्याला पेढा कोणी व केव्हा दिला हेही सर्वांना ठाऊक असते. इंद्रियसुखाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. सतत डोलणे, हात फडफडविणे, कानावर हात घट्ट दाबून धरणे यांना प्रेक्षक लागत नाही, म्हणून ती एकांतातही चालू राहतात. परंतु येथे घाई करणे धोक्याचे आहे, कारण डोके आपटणाऱ्या मुलाचा कान ठणकत असू शकतो, फळ्याकडे न पाहणाऱ्याला फळा दिसतच नसेल, आणि वर्गात टक लावून बसतो म्हणून ज्याला रोज बोलणी बसतात त्याचे ते काही क्षणांचे भान हरपणे अपस्माराचेही असू शकते. डॉक्टरांनी तपासण्यापूर्वी प्रयोजनाची चर्चा करू नये, हा या शास्त्राचा पहिला नियम असावयास हवा.

राहिली दोन, लक्ष आणि सुटका. आणि माझ्या मते या विषयातील सारी गोम येथेच आहे. आपल्या शिक्षकखोलीत मानसशास्त्राचे म्हणून जे एकच स्पष्टीकरण प्रचलित आहे ते लक्ष वेधण्याचे. ‘त्याला लक्ष हवे आहे, दुर्लक्ष करा,’ हा सल्ला इतक्या सढळपणे दिला जातो की तो चुकला तर काय होते याचा विचारच कोणी करीत नाही. मुलाला लक्षच हवे असेल तर दुर्लक्षाने ते वर्तन उतरते, हे खरे. तेही आधी काही दिवस चढून मग उतरते, आणि नेमक्या त्या चढत्या दिवसांतच आपला धीर सुटून आपण त्याच्याकडे वळतो, हेही खरे. पण मुलाला अभ्यासातूनच सुटका हवी असेल, तर दुर्लक्ष म्हणजे त्याच्या दरखास्तीवर मंजुरीचा शिक्का. वर्गाबाहेर काढणे ही तर त्याहून मोठी बक्षिसी. शिक्षा म्हणून जे दिले तेच त्याचे ईप्सित होते, हे ना शिक्षकाला उमगत, ना पालकाला. आणि शिक्षा वाढवीत नेली की वर्तनही वाढते, याचे दोघांनाही आश्चर्य वाटत राहते.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पू. बंगळूरच्या एखाद्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीच्या वर्गात एक मराठी मुलगा आहे. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब नुकतेच सोलापूरकडून आलेले, घरी मराठी, सोसायटीच्या आवारात कन्नड आणि हिंदी, वर्गात इंग्रजी. त्याच्याविषयी तक्रार अशी की गणिताच्या तासाला तो बाकाखाली शिरतो आणि शेजाऱ्याच्या बुटांचे बंद ओढतो. वर्गशिक्षिकेने आठवडाभर तीन रकाने भरले. सोमवारी शाब्दिक उदाहरणे फळ्यावर लिहिली गेली, मुलगा बाकाखाली, तीनदा समज देऊन त्याला व्हरांड्यात उभे केले, तास संपेपर्यंत. मंगळवारी चित्रकला, काही घडले नाही. बुधवारी गणितच, परंतु नुसत्या अंकांच्या बेरजा. मुलाने सर्वांच्या आधी वही पुढे केली. गुरुवारी पुन्हा शाब्दिक उदाहरणे आणि पुन्हा व्हरांडा. शुक्रवारी पर्यावरणाच्या तासाला उतारा मोठ्याने वाचावयास सांगितला आणि तेथेही बुटांचे बंद ओढण्याचा प्रकार झाला. पाच दिवसांच्या या नोंदीवरून, मुलाला गणित येत नाही हा समज खोटा ठरतो आणि त्याला लक्ष हवे आहे हाही खोटा ठरतो. इंग्रजी मजकुराचा परिच्छेद समोर आला की तो पळतो, आणि व्हरांड्यात त्याला ते वाचावे लागत नाही.

बंगळूरमध्ये अशा सुटकेला किती वाव आहे हे त्या शहराचा इतिहास जाणणाऱ्याला सांगावयास नको. १६३८ च्या सुमारास शहाजीराजांच्या अमलाखाली आलेल्या या गावात तेव्हापासूनची मराठी घराणी आहेत. त्यांच्या जोडीला तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्यांच्या जुन्या वस्त्या आणि अलीकडच्या संगणक-व्यवसायाने देशभरातून ओढून आणलेली कुटुंबे. बांधकामांवर येणाऱ्या मजुरांची मुले तर एका वर्षात दोन शाळा आणि दोन भाषा बदलतात. माध्यमाचा वाद येथे न्यायालयापर्यंत गेला. पहिली ते चौथीचे शिक्षण मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच द्यावे असा कर्नाटक सरकारचा १९९४ चा हुकूम होता, आणि सरकारला अशी सक्ती करता येणार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ साली दिला. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांना मिळाला हे घटनेच्या दृष्टीने योग्यच असेल. परंतु निवड पालक करतात आणि बाकावर मूल बसते, ही वस्तुस्थिती त्या निर्णयाने बदललेली नाही.

प्रयोजन सापडल्यावर काय करावे, याचेही उत्तर या परंपरेत आहे आणि माझ्या दृष्टीने तिचे सर्वांत मोठे श्रेय ते आहे. १९८५ साली कार आणि ड्युरँड यांनी वर्गात गोंधळ घालणाऱ्या चार मुलांवर केलेले काम प्रसिद्ध झाले. काम अवघड होताच जे मूल बिथरे त्याला ‘मला समजले नाही’ असे म्हणून मदत मागण्यास शिकविले. ज्याला शाबासकीची भूक होती त्याला ‘मी बरोबर करतो आहे ना?’ असे विचारण्यास शिकविले. प्रयोजनाशी जुळणारे वाक्य हाती येताच गोंधळ ओसरला. न जुळणारे वाक्य शिकविले तेव्हा तो ओसरला नाही. म्हणजे गैरवर्तन ही, सभ्य भाषा ठाऊक नसलेल्या मुलाने केलेली एक रास्त मागणी असू शकते. बंगळूरच्या शाळेत नव्याने आलेल्या मराठी मुलाला पाढ्यांच्या आधी ‘अर्थ आगलिल्ला’ हे दोन कन्नड शब्द आणि त्यांच्या जोडीचे इंग्रजी वाक्य शिकवावे, आणि ते उच्चारल्याबद्दल त्याला कोणी हसणार नाही याची हमी द्यावी, एवढ्याने कित्येक बाकांखालची वर्दळ थांबेल. याच शहरात डॉ. प्रतिभा कारंथ यांनी ‘कॉम डील’ या उपक्रमाद्वारे लहान वयाच्या स्वमग्न मुलांच्या संवादक्षमतेवर जो भर दिला आहे त्याचे महत्त्वही या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. ज्याला मागता येत नाही तो ओरबाडतो.

भारतीय शिक्षकाच्या हाती देण्याजोगे साहित्य नाही अशी सबब मात्र सांगता येणार नाही. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत, जी १९८४ साली मतिमंदांसाठी म्हणून स्थापन झाली, रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ साली भारतीय मुलांसाठी एक वर्तनमापन श्रेणी आणि तिच्या जोडीला शिक्षकांसाठी एक मार्गदर्शिका सिद्ध केली. श्रेणीच्या दुसऱ्या भागात दहा गटांत विभागलेली ७५ समस्यावर्तने आहेत, आणि मार्गदर्शिकेत वर्तनाच्या आधी, वर्तनाच्या वेळी आणि नंतर काय घडते हे नोंदविण्याची रीत सोप्या भाषेत सांगितली आहे. विशेष शाळांतील शिक्षकांच्या दोन पिढ्या या साहित्यावर वाढल्या. दुर्दैव इतकेच की ते विशेष शाळांच्या कुंपणाबाहेर फारसे पडले नाही; जणू गैरवर्तनाला प्रयोजन असण्याचा मान फक्त मतिमंद मुलांना आहे आणि धडधाकट मुलाचे गैरवर्तन म्हणजे केवळ मस्ती.

पद्धतीच्या उणिवाही नजरेआड करू नयेत. प्रयोजन शोधण्याचे तीन मार्ग आहेत: माहीतगारांना विचारणे, प्रत्यक्ष पाहणे आणि प्रयोग करून पाहणे. विचारण्याचा मार्ग सर्वांत सोपा म्हणून सर्वाधिक रूढ आहे, आणि त्याच्या प्रश्नावल्याही तयार मिळतात. ड्युरँड आणि क्रिमिन्स यांची १६ प्रश्नांची श्रेणी त्यांत विख्यात. परंतु तीच श्रेणी दोन शिक्षकांनी एकाच मुलासाठी भरली असता उत्तरे जुळत नाहीत, असे १९९१ सालीच निदर्शनास आले आहे. प्रयोगाचा मार्ग सर्वांत खात्रीचा. पण ज्या वर्तनाने मुलाला इजा होते ते मुद्दाम घडू द्यावयाचे, ही गोष्ट तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय कोणी करू धजू नये. सामान्य शाळेला उरतो तो पाहण्याचा मार्ग, आणि त्यासाठी सवड लागते. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण घातले आहे. ते जेथे पाळले जात नाही तेथे तीन रकाने भरण्याची अपेक्षा शिक्षकाकडून करणे हा अन्याय होईल.

अमेरिकेत १९९७ च्या कायदादुरुस्तीने, अपंग विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई करताना अशी तपासणी विवक्षित परिस्थितीत बंधनकारक झाली. कायद्याने आणलेल्या कोणत्याही सुधारणेचे जे होते ते तिचेही ठिकठिकाणी झाले, म्हणजे तपासणीचा फॉर्म झाला आणि फॉर्म भरला की तपासणी झाली असे मानण्यात येऊ लागले. याहून गंभीर आक्षेप स्वमग्न असलेल्या प्रौढ व्यक्तींनी स्वतः घेतला आहे. आमचे डोलणे, हात फडफडविणे कोणाला पीडा देत नसताना ते थांबविण्यासाठी आमचे बालपण खर्ची का घातले, असे ते विचारतात. आणि वर्तनवादी उपचारांच्या आरंभीच्या काळात वेदनादायक शिक्षांचाही अवलंब झाला होता हे लक्षात घेता, त्यांचा कडवटपणा अनाठायी म्हणता येत नाही. प्रयोजन शोधण्याआधी, हे वर्तन समस्या आहे असे ठरविले कोणी, आणि ती समस्या कोणाची, हेही विचारले पाहिजे. शिवाय नजीकचे फळ म्हणजे संपूर्ण कारण नव्हे. रात्री घरात भांडण झाले, सकाळी काही खाल्ले नाही, शाळेची बस वाहतुकीत तासभर तुंबून राहिली, तर अकरा वाजताच्या तासाला जे घडते त्याचे मूळ त्या तासात सापडत नाही. बंगळूरमध्ये २००० साली पाच शाळांतील १५०० मुलांना दुपारचे जेवण देऊन ‘अक्षयपात्र’ने सुरुवात केली ती भुकेसाठी, शिस्तीसाठी नव्हे, पण भरल्या पोटाने शिस्त सोपी होते हे सांगावयास मानसशास्त्रज्ञ लागत नाही. आणि मुलाला कोणी मारीत असेल, नको तेथे हात लावीत असेल, तर तीन रकाने भरीत बसणे हा अपराध ठरेल.

हे सारे आक्षेप मान्य करूनही या विचारपद्धतीत एक गोष्ट उरतेच, आणि शाळांना ती नेमकी नकोशी वाटते. मूल व्रात्य आहे असे म्हटले की शाळा निर्दोष राहते. मूल सुटका मागते आहे असे सिद्ध झाले की कशापासून, हा प्रश्न शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. मग अभ्यासक्रमाची, भाषेची, शिक्षकाच्या जिभेची आणि वेळापत्रकाची रुजुवात घ्यावी लागते. ही पद्धत आपल्याकडे रुजली नाही याचे कारण तिची अवघडता असे सांगितले जाते; मला ते खरे वाटत नाही. ती गैरसोयीची आहे.

अशी गैरसोय पत्करणारी माणसे महाराष्ट्रात होऊन गेली, आणि त्यांनी यांतील एकही परिभाषा वापरली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे १९५७ साली अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. वारली मुले शाळेत टिकत नाहीत, ही सरकारी दप्तरात नोंदलेली ‘गैरहजेरी’ त्यांनी जवळ जाऊन पाहिली, तेव्हा ती मुले गुरे राखायला जातात असे आढळले. गुरे राखणे हे त्या घरांचे पोट होते. ते काम टाकून मूल वर्गात येणे अशक्य होते. दंड, हजेरीचा तगादा, पालकांची झाडाझडती यांपैकी काहीही न करता त्यांनी शिक्षकाला कुरणात पाठविले आणि कुरणशाळा भरविली. पूर्वप्रसंग, वर्तन, परिणाम या तीन रकान्यांचे याहून शुद्ध उदाहरण मला तरी बाल्टिमोरच्या निबंधांत आढळलेले नाही. आणि उपाय मुलावर न करता शाळेवर केला, हे त्याचे वैशिष्ट्य तर त्या निबंधांतही क्वचितच दिसते.

शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे, आणि सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास. जुनी हत्यारे कायद्याने काढून घेतली खरी, परंतु त्यांच्या जागी काय वापरावे हे शिक्षकाला कोणी दाखविले नाही. परिणामी छडी गेली आणि व्हरांडा राहिला. बंगळूरच्या काय, पुण्या-सोलापूरच्या काय, मुख्याध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे की शेरेबुकात ‘गैरवर्तन’ या रकान्याच्या अलीकडे ‘त्यापूर्वी काय चालले होते’ आणि पलीकडे ‘त्यानंतर काय केले’ असे दोन रकाने आखून घ्यावेत, आणि दहा दिवसांची नोंद पुरी झाल्याखेरीज कोणत्याही पालकाला बोलावणे धाडू नये. पालकांनी, बोलावणे आलेच तर, मान खाली घालून ऐकून घेण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हे कोणत्या तासाला घडले, आणि घडल्यावर मुलाला कोठे पाठविले?